गवंड्याने घडवलेला खडक

समुद्राला पाठ टेकून बसलेल्या एका गावात एक गवंडी राहत होता. त्याच्या भिंतीवर लाट आपटली तर लाटच फुटते, असं लोक कौतुकाने म्हणत.

त्या गावच्या पाटलांनी मुलांना मासे बघता यावेत म्हणून काचेची मोठी टाकी उभारली आणि समुद्राच्या पाण्याने भरली. पण माशांना लपायला खडक हवा. समुद्रातला खडक फोडायचा नाही, ही गावाची रीत. त्याच्या कपारींत माशांची पिल्लं वाढतात. पाटील गवंड्याला म्हणाले, "मग तूच घडव खडक."

गवंड्याने सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवलं. ओल्या वाळूत खळगे करून त्यांत ते ओतलं. घट्ट झालेले दगड धुतले तसं मीठ विरघळलं आणि त्याच्या जागी भोकं उरली. हुबेहूब समुद्रातला खडक! उन्हात वाळवून त्याने तो टाकीत रचला. गावातल्या एका कोळणीने जिवंत आणलेले मासे अलगद आत सोडले.

थोड्या वेळाने मासे वर येऊन तोंडं वासू लागले. कोळीण धावली. हाताला लागले तेवढे मासे तिने समुद्राच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात काढले. बाकीचे उलटे तरंगत होते.

"काय घातलंस रं यात?" ती रडवेली होऊन म्हणाली.

गवंड्याने एक दगड बाहेर काढून उलटसुलट करून पाहिला. जे घातलं ते गावाच्या डोळ्यांदेखतच तर घातलं होतं! कुणी म्हणालं, मीठ जास्त झालं. कुणी म्हणालं, शिंपले कुजके होते. एक म्हातारी म्हणाली, टाकीला दृष्ट लागली. ऐकून ऐकून त्याचं डोकं भणभणलं. मीठच उरलं असेल, असं समजून त्याने ते दगड घरी आणले आणि अंगणातल्या हौदात भिजत टाकले.

त्याची बायको हळद कांडत होती. पिवळे हात धुवायला तिने हौदात बुडवले आणि ती ओरडलीच, "अगंबाई! हे लाल कसं झालं?"

गवंडी धावत आला. हळदीत चुना पडला की तिचं कुंकू होतं, हे घरोघरी ठाऊक. पण पाण्यात चुना कुठला? मग त्याला उमगलं. सिमेंटच्या पोटातला चुना अजून बाहेर येत होता. त्यानेच मासे मेले होते.

त्याने हौद उपसला, नवं पाणी भरलं. काही दिवसांनी हौदातलं पाणी वाटीत घेऊन त्यात चिमूटभर हळद टाकली. लाल! पुन्हा उपसला, पुन्हा लाल. तो चक्रावला. दगड घट्ट झाला म्हणजे तयार झाला, असं तो जन्मभर मानत आला होता. भिंतीला तेवढं पुरत होतं. मग या दगडातला चुना संपणार तरी कधी?

असाच महिना गेला. टाकी उघडायचा दिवस आला. मुलं नटूनथटून जमली. पाटील आणि कोळीण गवंड्याच्या अंगणात येऊन उभे राहिले. गवंड्याने हळद टाकली. पाणी धड लाल नव्हतं, धड पिवळं नव्हतं.

"तांबूस दिसतंय," बायको म्हणाली.

"मला तर पिवळंच वाटतं," कोळीण म्हणाली.

"पिवळंच आहे! उचल दगड," पाटलांनी फर्मावलं. "गाव खोळंबलंय."

गवंड्याने वाटी उन्हात धरली, सावलीत धरली. क्षणभर त्यालाही पिवळं दिसलं, मग पुन्हा तांबूस. एवढा नावाजलेला गवंडी, आणि एका वाटीतला रंग ओळखता येईना! लाजेने त्याचे कान तापले.

"मला कळत नाही, पाटील," तो शेवटी म्हणाला. "आणि कळत नाही तोवर हा खडक टाकीत जाणार नाही."

त्या दिवशी मुलांनी रिकामी टाकी पाहिली. लोक हसले. पाटील कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. गवंडी मात्र हौद उपसत राहिला. मग एका सकाळी हळद टाकली आणि पाणी पिवळंधमक राहिलं. पुढच्या खेपेलाही तसंच. तेव्हा कुणाला विचारावं लागलं नाही.

टाकीत समुद्राचं नवं पाणी भरून खडक रचला गेला. कोळणीने जपलेले मासे आत सोडले. ते सुळकन भोकांत शिरले आणि बराच वेळ बाहेरच येईनात.

"अरे, मासे दिसत का नाहीत?" पाटील काचेला नाक लावून कुरकुरले.

कोळीण हसली. "घरात गेल्यात, पाटील. दमानं घ्या."

तात्पर्य: दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असेल, तर 'झालं असेल' म्हणून पुढे रेटण्यापेक्षा 'मला कळत नाही' म्हणून थांबणारा शहाणा.