राहिलेला हात

"मग दार उघडतं कसं, तेवढं सांगा."

हेमलतानं हे तिसऱ्यांदा विचारलं.

भैरोबाच्या देवळाच्या ओवरीत द्वारकामावशी दोरीतून हिरव्या बांगड्या सोडवत बसली होती. फडक्यावर एकेक मांडत होती. तिनं मान वर केली नाही.

"कुणाचं दार?"

"कुणाचंही. तुमच्यासाठी उघडतं तसं."

मावशी जातीची कासारीण. चाळीस वर्षं पाच गावांत बांगड्या भरत हिंडली. आता गुडघे बोलायला लागले होते, डोळ्यांना दोरा दिसत नव्हता. पण तिला उंबऱ्याबाहेर ताटकळत उभं केलं असं एकही घर त्या पाच गावांत नव्हतं. ज्या घरात सासू-सुनेचा अबोला असायचा, तिथंही दोघींचे हात तिच्यापुढं शेजारी शेजारी यायचे.

आणि हेमलता घोलप आताच एसटीतून उतरली होती. अंगावरची साडी प्रवासानं चुरगळलेली, पाय सुजलेले, घसा बसलेला. खांद्याला कंपनीची भली मोठी पिशवी. घरी न जाता ती तशीच देवळात आली होती.

"हैदराबादेला गेली होतीस म्हणे," मावशी म्हणाली.

"कंपनीचं संमेलन होतं. तीन दिवस."

"जत्रा?"

"जत्रा नाही हो मावशी. शिकवतात तिथं. मोठमोठी माणसं येतात." हेमलतानं पदराला लावलेला बिल्ला नीट केला. "मी आता सिल्व्हर लीडर आहे."

"बरं," मावशी म्हणाली आणि एक बांगडी उजेडाकडं धरून पाहिली. तिला चीर होती. तिनं ती बाजूला ठेवली.

हेमलताची कंपनी शक्तीची पावडर, साबण आणि तोंडाला लावायची क्रीम विकायची. दुकानात नाही, दारोदार. विकणाऱ्या बाईला तिथं सल्लागार म्हणत. सल्लागारानं माल विकायचा आणि जमेल तितक्या बायकांना सल्लागार करून आपल्या हाताखाली जोडायचं. पहिल्याच दिवशी ओळखीच्या शंभर माणसांची यादी करायला लावतात. हेमलतानं दोन वर्षांपूर्वी ती केली होती. त्यातली बहुतेक नावं आता खोडलेली होती. काहींनी एकदा माल घेतला, काहींनी घेतलाच नाही. पूर्वी रस्त्यात भेटलं की माणसं विचारायची, "कुठं निघालीस गं?" आता आधी तिच्या पिशवीकडं बघायची आणि मग तिच्याकडं.

महिनाअखेरपर्यंत एक नवी सल्लागार जोडली नाही, तर पदरावरचा बिल्ला जाणार होता.

"काय शिकवलं तिथं?"

हेमलता याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं पिशवीतून वही काढली. अक्षर मोत्यासारखं, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा.

"हे बघा. 'नाही' हा शब्द ऐकायचाच नाही. 'नाही' म्हणजे 'अजून नाही'."

"आणि माणूस खरंच नाही म्हणाला तर?"

"तर कारण विचारायचं. प्रत्येक कारणाला उत्तर आहे. इथं लिहिलंय सगळं."

"कुसुमनं काय कारण सांगितलं?"

हेमलतानं वहीतल्या ओळीवरचं बोट काढून घेतलं.

कुसुम आणि ती एकाच साली, एकाच गल्लीत सुना म्हणून आल्या होत्या. समोरासमोर घरं. एकीच्या भाजीला मीठ कमी पडलं तर ते दुसरीकडून यायचं. शंभर नावांच्या यादीत पहिलं नाव कुसुमचं होतं...

"कारण नाही सांगितलं," हेमलता म्हणाली. "मागच्या महिन्यात गेले होते. मला येताना बघितलं आणि दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला."

"कितव्यांदा गेली होतीस?"

"मोजलं नाही."

"तिनं मोजलं असेल."

देवळात घंटा वाजवून कुणीतरी निघून गेलं. मावशीनं आणखी एक दोरी सोडवली. हेमलतानं वहीचं पान उलटलं. थकलेल्या माणसाचा होतो तसा तिचा आवाज सपाट झाला होता.

"मावशी, मी सरळच सांगते. आज कुसुमच्या ऋतुजाचा चुडा भरायचाय. तुम्ही चाललाय. अख्खी गल्ली जमणार, चाळीस-पन्नास बायका. आम्हाला शिकवलंय, बायका जमतात तिथं सल्लागारानं पोचलंच पाहिजे. मला तुमच्याबरोबर न्या. तुम्ही चुडा भरा, मी कोपऱ्यात बसते. सगळ्यांचे हात भरून झाले की पाच मिनिटं बोलते. फक्त पाच."

"नवरीच्या चुड्याला साबण विकणार?"

"विकणार नाही. ओळख करून देणार."

"तुला आवतण आहे?"

"सगळ्या गल्लीला आहे."

"तुला?"

हेमलतानं वही मिटली.

"नाही."

"हे कसलं 'नाही' म्हणायचं?" मावशीनं पहिल्यांदा मान वर केली. "अजून नाही, का नाहीच?"

...

हेमलताला चिडायचं होतं, पण चिडायलाही अंगात जोर लागतो. ती ओवरीच्या खांबाला टेकली. ऋतुजाला पहिली अंघोळ तिनंच घातली होती. बाळंतीण कुसुम कण्हत पडली होती आणि ते लालबुंद पोर हेमलताच्या पसरलेल्या पायांवर टाहो फोडत होतं. पुढं शाळेत जाताना तिच्या वेण्या घालायला कुसुमला कधी वेळ मिळाला नाही की पोर समोरच्या घरात पळत यायचं... आणि आज गल्लीतल्या प्रत्येक बाईचा हात भरला जाणार होता. समोरच्या घरातून तो किणकिणाट हेमलताला ऐकू येणार होता. खिडकी लावून घेतली असती तरी आला असता.

"हात दे," मावशी म्हणाली.

"कशाला?"

"दे तर."

हेमलतानं डावा हात पुढं केला. मनगटावर कंपनीनं बक्षीस दिलेलं सोनेरी घड्याळ होतं.

"हे काढ."

घड्याळाचा पट्टा सोडायला दुसरा हात लागला. दुसऱ्या हातात पिशवीचा बंद होता. हेमलतानं घटकाभर विचार केला आणि पिशवी खाली ठेवली.

घड्याळाखाली मनगट उघडं होतं. मावशीनं ते उलटसुलट करून बघितलं.

"आणि बांगड्या?"

"काढून ठेवल्यात. संमेलनात सांगितलं होतं. बोलताना बांगड्या वाजल्या की गिऱ्हाइकाचं लक्ष उडतं. घड्याळ घातलं की माणूस कामाचं वाटतं."

"असेल." मावशीनं तिचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबायला सुरुवात केली. "मी कुसुमच्या माजघरात बसलेली असायचे. बाहेर तुझ्या बांगड्या वाजल्या की ती मागं न बघता चहात पाणी वाढवायची."



मावशीनं फडक्यावरची एक बांगडी उचलली. माप घेतलं नाही, विचारलंही नाही. अंगठा आत मुडपला, बोटं जुळवली आणि बांगडी चढवायला लागली.

"हात सैल सोड."

"सोडलाय."

"सोडलेला नाहीस. मुठीत काहीतरी धरल्यासारखा केलायस."

"काही नाही धरलं. बघा की."

बांगडी अंगठ्याच्या उंचवट्यावर अडली. मावशीनं दाबलं. हेमलताचं सगळं अंग ताठ झालं आणि... कट्.

हिरव्या काचेचे दोन तुकडे ओवरीच्या दगडावर पडले.

"वाढवली," मावशी म्हणाली. बांगडी फुटली असं कासारीण कधी म्हणत नाही.

"मी तिचे पैसे देते मावशी. माझाच हात ताठ होता."

"हट्. भरताना वाढवली ती कासाराची. घालून फिरताना वाढवली तर तुझी. माझ्या सासूनं मला पहिल्या दिवशी एवढं एकच शिकवलं." मावशीनं तुकडे वेचून फडक्याच्या टोकात बांधले. "तुमच्यात कसं असतं?"

हेमलताच्या डोळ्यांसमोर घरातला पलंग आला. त्याच्याखाली पावडरीचे डबे ओळीनं रचलेले होते. काहींच्या तारखा उलटून गेल्या होत्या. केर काढताना झाडू डब्यांना लागायचा म्हणून तिनं तिकडचा केर काढणंच सोडून दिलं होतं.

"आमच्यात वेगळं असतं," ती म्हणाली.

मावशीनं दुसरी बांगडी घेतली. पण चढवली नाही. हेमलताचा पंजा तसाच हातात धरून तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"थकलीस का गं?"

"नाही!"

शब्द एवढ्या जोरात गेला की कळसावरची कबुतरं उडाली. हेमलता स्वतःच दचकली. तीन दिवस रोज सकाळी स्टेजवरचे फेटेवाले साहेब हाच प्रश्न विचारायचे, "थकलात का?" आणि त्या दिव्यांच्या लखलखाटात, कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांत हजार बायका एका दमात ओरडायच्या. हेमलताचा घसा त्यातच बसला होता.

मावशी नुसतीच अंगठ्यानं तिच्या तळव्याचं हाड दाबत राहिली.

कबुतरं एक फेरी मारून परत आली आणि एकेक करून बसली.

...

"हो," हेमलता म्हणाली.

अगदी हळू. बसलेल्या घशातून जेमतेम आवाज निघाला. पण तो निघाला आणि खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत तिचा हात ओल्या फडक्यासारखा लोळागोळा झाला.

बांगडी गेली. कुठं अडली नाही. मागोमाग दुसरी गेली, तिसरी गेली... हेमलता आपल्याच हाताकडं दुसऱ्याच्या हाताकडं बघावं तशी बघत राहिली. डोळे कधी भरले ते तिला कळलं नाही. मनगट हिरवंगार झालं तेव्हा मावशी थांबली.

हेमलतानं पदरानं तोंड पुसलं आणि उजवा हात पुढं केला.

मावशीनं फडकं गुंडाळायला घेतलं.

"मावशी, हा?"

"तो राहू दे."

"राहू दे? एकच हात भरून बाई हिंडते का कुठं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

हेमलता वाकून पाया पडायला गेली. हात भरले की कासारणीला नमस्कार करायचा, हे तिला सासूनं शिकवलेलं होतं. मावशीनं पाय मागं घेतले.

"अर्ध्या कामाचा नमस्कार मी घेत नाही. ऊठ. मला गुडघ्यानं चालवत नाही, खांदा दे. उशीर झाला."

"कुठं?"

"तूच म्हणालीस ना, बरोबर न्या म्हणून?"

हेमलता लगबगीनं पिशवी उचलायला गेली. मावशीनं काठी आडवी धरली.

"ती इथंच राहील."

"इथं? अहो मावशी, सगळा माल आहे त्यात. कुणी उचलून नेली म्हणजे?"

"नेली तर बरंच. तुझा माल कुणीतरी आपणहून नेला म्हणायचं."

हेमलताला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं आणि आल्याचं तिला जरा नवलच वाटलं. तिनं पिशवी भैरोबाच्या पायरीशी टेकवली. वही तिच्यावर ठेवली. घड्याळ वहीवर ठेवलं.

"मग ते गाठोडं तरी द्या. मी घेते."

"नको. तू हात मोकळे ठेव."

दोघी निघाल्या. देवळापासून गल्ली लांब नव्हती, पण मावशी दर दहा पावलांवर थांबायची आणि हेमलताला वाटायचं, हे अंतर आणखी असतं तर बरं झालं असतं. डावा हात चालताना वाजत होता. उजवा तिनं पदराखाली लपवला होता. नळावर पाणी भरणाऱ्या वंचाबाईनं तिच्याकडं बघितलं. खांद्यावर पिशवी दिसली नाही म्हणून पुन्हा बघितलं.

"मी काय बोलू तिच्याशी?" हेमलतानं विचारलं.

मावशी पुन्हा थांबली. धाप लागली होती की उत्तर द्यायचं नव्हतं, कोण जाणे.

कुसुमच्या दारात आंब्याचं तोरण होतं. आत बायकांचा कलकलाट चाललेला. येणाऱ्या बाईला हळदीकुंकू लावायला कुसुम स्वतः उंबऱ्यात उभी होती, हातात कोयरी घेऊन. तिला आधी मावशी दिसली आणि ती हसली. मग मावशीला खांदा दिलेली बाई दिसली.

हसू गेलं.

कुसुमची नजर हेमलताच्या तोंडाकडं गेली नाही. आधी खांद्याकडं गेली, मग हाताकडं. गेली दोन वर्षं सगळं गाव बघत होतं तशीच. पिशवी कुठं दिसेना तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

"आज काय आणलंस?"

हेमलतानं तोंड उघडलं. अशा वेळी काय म्हणायचं ते वहीत होतं, लाल रेघेखाली होतं. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. आत कुठंतरी ऋतुजा कुणाला तरी हाका मारत होती. हेमलतानं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. तो कुठं ठेवावा ते न कळून तसाच पुढं धरला.

कुसुम त्या उघड्या मनगटाकडं बघत राहिली... मग त्या हिरव्या हाताकडं... मग पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं.



द्वारकामावशी गुडघा धरून हळूच उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "कुसुम, हिचा एक हात राहिलाय गं."