खऱ्या फाशांचा डाव

पूर्वी गोदेच्या काठी एका नगरात सातवीर राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व शिंगाचे फासे कोरणाऱ्या एका कारागिराच्या घरी जन्माला आले. नाव ठेवले उत्तिय. हात असा, की त्यांचा फासा कितीही वेळा टाका, कुठल्या एका अंगाला कलायचा नाही. नगरातला जुगाराचा फड त्यांच्याच फाशांवर चाले, आणि उत्तियांची चूल त्या फडावर.

त्यांच्या बहिणीचा मुलगा सोण नावाडी होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा मामामामींनीच त्याला लहानाचा मोठा केला. बापामागे एक जुनी होडी राहिली, तेवढीच त्याची मिळकत. पोरगा गुणाचा. पण त्या पावसाळ्यात नदीला पूर आला, होडी काठाला बांधून पडली आणि रिकामा सोण फडावर जाऊन बसू लागला. पहिल्याच दिवशी जिंकला. घात झाला तो तिथेच. हरला असता तर घरी तरी आला असता.

त्या फडाची एक रीत होती. जो डाव जिंकेल त्याने एक कवडी मालकाच्या मडक्यात टाकायची. आणि ज्याची थैली रिकामी होईल त्याने उठताना आपली चटई आपल्याच हाताने उलटी घालायची. उलटी चटई दिसली की नव्या गड्याने समजावे, इथे जागा झाली. श्रावण सरेपर्यंत सोणने आपली चटई किती वेळा उलटी घातली, ते त्याने मामीला कधी सांगितले नाही.

आश्विन पौर्णिमेच्या उत्सवात मोठा डाव बसायचा होता. आदल्या दिवशी दुपारी सोण मामाकडे आला. मामा कानशीने शिंग घाशीत होते. मामी ओसरीवर भाजायचे चिंचोके निवडीत होती.

"मामा, उद्याचे फासे तुझेच ना?"

"माझेच."

"खरे आहेत?"

"आजवर खोटा कोरला नाही."

"मग झालं तर. उद्या मी होडी पणाला लावणार. समोर नागदत्त शेठ त्याची नवी नाव मांडतोय. खऱ्या फाशाला शेठ काय नि नावाडी काय, दोघं सारखेच."

मामी मान वर न करता म्हणाली, "ऐकलंत का? नवरी अजून आली नाही आणि हा होडीची पाठवणी करतोय."

"तू थांब गं मामी. नवी नाव आली की नवरीही येईल."

मामांनी भाच्याकडे पाहिले. रागावले नाहीत. म्हणाले, "फासा सारखाच आहे रे. पण शेठच्या घरी आणखी नावा आहेत. ये, दोन डाव माझ्याशी खेळ."

त्यांनी सोणपुढे ओंजळभर चिंचोके ठेवले, स्वतःपुढे सूपभर घेतले. मामीला म्हणाले, "तू फडाची मालकीण. जो जिंकेल त्याच्याकडून एक एक घ्यायचा." मामीने पदर पसरला.

सोणला दान चांगले पडू लागले. त्याची रास वाढली, तसा तो मांडी ठोकून हसू लागला. मग चार दाने उलटी पडली. मामांचीही पडत होती, पण मामांच्या सुपात खळगासुद्धा दिसेना. सोणची ओंजळ मात्र संपली.

"पुन्हा," सोण म्हणाला.

पुन्हा तेच. कधी लवकर, कधी उशिरा, पण रिकामे व्हायचे ते सोणनेच. मामांवर वाईट वेळ आली की ते सुपात हात घालून पुढचे दान टाकीत. सोणवर आली की त्याचा खेळच संपे. शेवटी त्याचे लक्ष मामीच्या पदराकडे गेले. पदर चांगला जड झाला होता.

"अगं मामी, तू तर फाशाला हातही लावला नाहीस."

"म्हणून तर," मामी म्हणाली आणि पदर सावरला.

सोणच्या मनाला ते लागले. तोंडावर शिकवलेले कुणाला आवडते? तो चिडून म्हणाला, "मामा, फासे कोरायचे तू, ते विकायचे तू, आणि शहाणपण मला? माझी चटई उलटते तेव्हाच इथली चूल पेटते."

बोललेला शब्द सोणलाच ऐकवेना. मामांनी हातातले फासे खाली ठेवले.

"खरं बोललास, बाळ," ते म्हणाले. "हे मला आधीच दिसायला हवं होतं."

एवढ्यात फडाचा माणूस उद्याचे फासे न्यायला आला. मामांनी तयार फासे हातात घेतले आणि त्यावरचे ठिपके त्याच्यादेखत घासून टाकले.

"मालकांना सांग, उत्तिय यापुढे फासे कोरणार नाही."

"दुप्पट मोल देतील."

"देतील. म्हणूनच नको."

त्या माणसाने मामीकडे पाहिले. घरात धान्य किती आहे, हे मामीला ठाऊक होते. ती म्हणाली, "शिंगाच्या फण्या चांगल्या खपतात हो. केस काय, गरिबालाही असतात."

तो माणूस जाताजाता सोणला म्हणाला, "फासे दुसरीकडूनही मिळतील. तू येतोस ना? तुझी जागा धरून ठेवतो."

सोणने मामांकडे पाहिले. ते शिंगावर फणीचे दाते आखीत होते, आणि त्यांचा सराईत हात नव्या कामात अडखळत होता.

"नाही," सोण म्हणाला. "उद्या पैलतीराहून सगळी माणसं उत्सवाला येतील. होडीला आजच राळ लावायला हवी."

वर्षातला सगळ्यात चांगला कमाईचा दिवस तोच होता, आणि सोण तो चटईवर बसून घालवणार होता. सकाळपासून त्याने माणसे आणली. सांज होता होता फडावरून उठलेले गडी काठावर आले, थैल्या रिकाम्या, माना खाली. सोणने त्यांना होडीत घेतले आणि होडीचे भाडे मागितले नाही.

विहारात ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा सोण म्हणजे पुढे बसलेला हा तरुण भिक्खू, जो काल खेळापायी भिक्षेची वेळ विसरला. मामी म्हणजे विहारात रोज पेज घेऊन येणारी उपासिका, तिची जीभ तेव्हाही अशीच होती. आणि फासे कोरणारा उत्तिय मीच होतो."

भिक्खू लाजला, उपासिका हसली. करुणेपायी आपल्या भाकरीचा धंदा बदलणे, याला सम्यक आजीविका, म्हणजे योग्य उपजीविका, म्हणतात.