ढोलीची भिंत

डोंगरापलीकडच्या ससाण्यांनी धनेश पक्ष्यांचं रान जिंकलं, त्या काळातली ही गोष्ट.

एक ससाणा अधिकारी पाहणीला आला. बेहड्याच्या ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं आणि धनेश फटीतून आपल्या मादीला उंबरं भरवत होता.

“बायकोला कोंडून ठेवता? रानटी कुठले,” म्हणत ससाण्याने सुतार पक्ष्याकडून भिंत फोडून घेतली. धनेश काही सांगू गेला, पण ऐकतो कोण.

दुपारी घोरपडीने अंडी खाल्ली.

संध्याकाळी ससाणा परत आला. “मोकळं केलं ना तुला? मग उडत का नाहीस?”

“अंडी उबवताना आमची पिसं गळतात,” मादी म्हणाली. “नवी येईपर्यंत भिंतच आम्हाला राखते. ती मीच आतून लिंपली होती, साहेब.”

ससाण्याने सगळं ऐकून घेतलं आणि सुताराला पुढचं झाड दाखवलं.