रांगेतून वाहणारा रस

एका जंगलात करंजाच्या मुळाशी मुंग्यांचे मोठे वारूळ होते. वारुळाच्या मधोमध रस गाळायचे दालन होते. फळाफुलांचा रस तिथे निवळे आणि मग अळ्यांच्या खोल्यांकडे जाई. याच दालनातल्या काही मुंग्या बिघडल्या. त्यांनी काम सोडले, नुसते खाऊ लागल्या आणि त्यांची पिलावळ वाढतच गेली. परक्या असत्या तर हाकलून देता आल्या असत्या. पण त्या याच वारुळातल्या, अंगाला वासही तोच. तेव्हा त्यांच्याकडे रस नेणारे बोगदे बुजवायचे काम एका म्हाताऱ्या मुंगीच्या गळ्यात पडले.

म्हातारी राबराब राबली. एक बोगदा बुजवावा, तर दुसरा सापडे. शेवटी सारे बुजले. तरी त्या बिघडलेल्या फुगतच चालल्या आणि इकडे अळ्यांचे हाल कुत्रा खाईना. "आजी, आज तरी रस येईल का गं?" अळ्या सांभाळणारी दाई रोज विचारी. "येईल हो," म्हातारी खाली मान घालून म्हणे आणि पुन्हा मातीचे गोळे वाहू लागे. तिच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता.

एके दिवशी मात्र तिच्याने पाऊल उचलवेना. दालनामागच्या वाटेवर मुंग्यांची एक रांग नेहमी उभी असे. रांगेतल्या मुंगीला हटकायचे नाही, ही वारुळाची रीत. म्हातारी आजवर तिला मिशी लावून मुकाट पुढे जाई. आज ती त्या रांगेलाच टेकून बसली. पाठ ओली झाली. चाटून पाहते तो काय, रस! त्या बिघडलेल्यांतल्याच मुंग्या पायांत पाय अडकवून नळीसारख्या गोल उभ्या होत्या आणि मधल्या पोकळीतून रस त्यांच्याच पिलावळीकडे वाहत होता.

"कधीपासून चाललंय हे?" तिने विचारले.

"तू पहिला बोगदा बुजवलास ना, तेव्हापासून," एक मुंगी म्हणाली. "रोज अंगाला अंग घासून जायचीस की!"

मुलांनो, यकृतात कर्करोग झाला, तर त्याच्या काही पेशीही अशाच एकमेकींना बिलगून नळी होतात आणि रक्त ओढून घेतात. मग नुसत्या रक्तवाहिन्या अडवून भागत नाही.

म्हातारीला रडू कोसळले. मग तिने दाईला हाक मारली. "माती वाहणं पुरे झालं. पायांतून पाय सोडवायला ये."

"एक सोडवशील, आम्ही दुसरा अडकवू," रांग म्हणाली.

"अडकवा. आता मी पाहिलंय तुम्हाला," म्हातारी म्हणाली आणि पहिला पाय ओढू लागली. त्या दिवशी तीन अळ्यांच्या तोंडी रस लागला. बाकीच्यांना उशीर झाला होता.

तात्पर्य : हावऱ्याच्या वाटा बुजवल्या, तर तो स्वतःच वाट होतो; म्हणून तो आपल्यांच्या रांगेत उभा असला, तरी त्याला तपासून पाहावे.