तेरा तारखेचा शुक्रवार

मुलांनो, तेरा तारीख शुक्रवारी आली, तर तुम्ही घराबाहेर पडाल का?

फार पूर्वी, पश्चिमेकडच्या एका थंड देशात, नदीकाठी एक नावाडी राहायचा. आपल्याकडे काही लोक अमावास्येला भितात ना, तसा त्याचा गाव या दिवसाला भ्यायचा. नावाडी तर सर्वांत जास्त. आदल्या दिवशीच तो होडी काठावर ओढून पालथी घालायचा.

अशाच एका शुक्रवारी त्याच्या बायकोला अवेळी कळा सुरू झाल्या. सुईण राहायची नदीपलीकडे.

"अगं, उद्यापर्यंत कळ काढ. आज होडी नक्की बुडेल," नावाडी म्हणाला.

"कळा मी काढतेच आहे. तुम्ही होडी काढा!" बायको ओरडली.

तरी दुपारपर्यंत तो उंबऱ्यातच घुटमळला. शेवटी तिला बोलायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा मात्र तो धावला. एकट्याने होडी उलथून पाण्यात लोटता लोटता घामाघूम झाला.

नदी अगदी संथ होती. "इतकी शांत? काहीतरी डाव आहे हिचा," तो पुटपुटला. एक पांढरा पक्षी होडीच्या टोकावर येऊन बसला. नावाड्याने त्याच्याकडेही संशयाने पाहिलं.

सुईण अंगणात कपडे वाळत घालत होती.

"सुईणबाई, आज शुक्रवार, त्यातून तेरा तारीख. तरी याल का?"

"न यायला काय झालं? आम्ही या काठचे लोक तेरा तारखेच्या मंगळवारी बाहेर पडत नाही. शुक्रवाराने काय घोडं मारलंय?"

"मंगळवार?" एवढ्या काळजीतही नावाड्याला हसू फुटलं. "बिचाऱ्या मंगळवाराने तरी काय केलंय?"

विचारता विचारता त्याला आपला शुक्रवार आठवला आणि हसू विरलं. सुईणीने हातातलं कापड दोरीवर टाकलं आणि ती होडीत जाऊन बसली.

"चल, आधी वल्हव," ती म्हणाली.

संध्याकाळी मुलगी झाली. आई वाचली, पण जेमतेम. हात धुता धुता सुईण म्हणाली, "घटकाभर उशीर झाला असता, तर नुसतं रडायला यावं लागलं असतं मला. होतास कुठे दुपारपर्यंत?"

 शुक्रवाराने नावाड्याचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडणार होतं, ते त्याच्या घुटमळण्याने.

इतक्यात शेजारीण आत डोकावली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "जन्म उद्याचा सांगा हो. नाहीतर पोरीकडे लोक जन्मभर संशयाने बघतील."

तात्पर्य एवढंच: दिवसाला नावं ठेवून घरात बसलं, की जवळच्या माणसाने हाक मारली, तरी त्याला मदत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकरी दारात जमले, तेव्हा नावाडी लेकीला घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "काल झाली. शुक्रवारी."