बिनदाराची टोपली

डोंगरांना अजून आपापल्या जागा पाठ झाल्या नव्हत्या आणि माणसं नि जनावरं एकाच बोलीत भांडत होती, त्या काळातली ही हकीकत. दूर अमेरिकेच्या मावळतीकडच्या किनाऱ्याजवळ एक मोठं तळं आहे. त्याच्या काठी पोमो लोकांची एक वाडी होती, आणि त्या वाडीत टोपल्या विणणारी एक बाई होती. तिचं नाव विचारू नका. त्या लोकांत वारलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. घेतलं तर ते बिचारं अर्ध्या वाटेवरून मागं वळून बघतं. म्हणून सगळे तिला टोपलीआजी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

आजीची वीण अशी घट्ट, की टोपलीत पाणी ओतावं, तापलेले दगड टाकावेत, ओकच्या फळांच्या पिठाची लापशी शिजवावी, आणि बाहेर थेंब येऊ नये. एकदा तळ्यालाच भोक पडलं, पाणी खाली पाताळात चाललं, तेव्हा आजीनं वाळुंजाच्या काड्या घेऊन तळ्याचा तळ विणून दिला, असं म्हणतात. मासे साक्षीला होते.

आता त्या टोपल्यांची एक रीत आहे. नक्षीचा पट्टा टोपलीभोवती फिरत येतो, पण तो पुरता मिटवायचा नाही. एक जागा मोकळी सोडायची. तिला दार म्हणायचं. कारण असं, की टोपलीत एखादा आत्मा शिरला तर तो तोंडातून शिरतो, पण बाहेर पडतो नक्षीतल्या दारातूनच. दार ठेवलं नाही, तर विणणारीची नजर जाते.

एका वर्षी समुद्राकडून, मीठ देऊन टोपल्या घेणारा मीठवाला आला. पाठीवर मिठाचं ओझं आणि जिभेवर त्याहून जास्त. त्यानं आजीची टोपली हातात घेतली, फिरवली, उन्हात धरली आणि त्या दारावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, हात चांगला आहे तुझा. पण इथं टाका चुकलाय."

झालं! आजीला राग आला तो असा, की शेजारची लापशी विस्तवाशिवाय उकळली. तिनं मीठवाल्याला टोपली दिली नाही. त्याच्या पाठमोऱ्या ओझ्याकडे बघून म्हणाली, "पानगळीच्या मेळाव्याला ये. चूक शोधून दाखव."

आणि ती बसली विणायला. सुतारपक्ष्याच्या डोक्यावरची लाल पिसं लावली, लाव्यांचे काळे तुरे लावले, आणि नक्षीचा पट्टा फिरवत आणून पुरता मिटवून टाकला. दार नाही. तिची मुलगी म्हणाली, "आई, डोळे जातील गं!"

"जाऊ देत," आजी म्हणाली. "त्या मिठाच्या गोणीचं थोबाड बघण्यापुरते राहिले म्हणजे झालं."

टोपली पुरी झाली, आजीनं ती पारखायला तिच्यात लापशी शिजवली, आणि त्याच दुपारी तिकडून कोल्होबा चालला होता. हा साधा कोल्हा नव्हे. हे जग घडवण्यात त्याचा हात होता, आणि जगातल्या सगळ्या लबाडीचं मूळही तोच. लापशीचा वास आला म्हणून धुरासारखा विरळ झाला आणि टोपलीत शिरला. खाल्लं, ढेकर दिली, निघायला गेला, तर दार कुठंय? डोळे फिरेस्तोवर गोल गोल फिरला. दार नाहीच!

आतून खुडबुड ऐकून आजीनं विचारलं, "कोण आहे?"

"कुणी नाही," कोल्होबा म्हणाला.

कोल्होबा कोंडला, तशी जगातली सगळी लबाडी त्याच्याबरोबर कोंडली गेली. वाडीत कुणाला खोटं बोलताच येईना. म्होरक्या रोज सकाळी मोठ्या घराच्या छपरावर चढून लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा. त्या सकाळी चढला, म्हणाला, "मला काही सुचत नाही. आजवरही सुचत नव्हतं," आणि उतरला. आजीचा जावई हरणाचं मुंडकं डोक्यावर बांधून शिकारीला गेला, तर हरणं म्हणाली, "पाव्हणं, काढा ते. उकडत असेल." रिकाम्या हातानं परत आला. त्या लोकांत जावई सासूशी थेट बोलत नाही, तिच्याकडे बघतही नाही. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि बायकोला म्हणाला, "तुझ्या आईला सांग, लापशी कडू असते. लग्न झाल्यापासून कडूच आहे."

"त्याला सांग," आजी म्हणाली, "तो घोरतो, आणि हरणांना ते माहीत आहे."

सगळ्या वाडीत हेच. फाशात पाखरू सापडेना, गळाला मासा लागेना, घरोघरी अबोला. मेळावा तोंडावर आला आणि पाहुण्यांना वाढायला काही नाही. आजीला माहीत होतं काय झालंय ते. एक टाका उसवला की सगळं सुटेल. पण तिच्या डोळ्यांपुढं धूर दाटायला लागला होता, रोज थोडा जास्त, तरी ती म्हणायची, "आधी मीठवाल्याला बघू दे. मग उसवीन."

"आजी," टोपलीतून आवाज यायचा, "मला मुळीच बाहेर यायचं नाहीये. फार सुखात आहे मी."

"मग राहा!"

मेळाव्याच्या दिवशी लव्हाळ्याच्या होड्यांतून पाहुणे आले. जमिनीत अर्धं उतरलेल्या मोठ्या गोल घरात सगळे बसले, उपाशी आणि रुसलेले. मीठवाला आला. आजीला आता तो नुसता एक डाग दिसत होता. तिनं त्या डागापुढं टोपली धरली.

"शोध चूक."

मीठवाल्यानं टोपली पुष्कळ वेळ फिरवली. मग तोंड उघडलं, आणि त्याच्या मनात नसताना खरं बाहेर पडलं. "चूक नाही. मागच्या टोपलीतही नव्हती. मी आपलं थोड्या मिठात मिळावी म्हणून नावं ठेवली. रात्रभर झोप नाही आली मला, अशी होती ती." त्यानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला, पण बोलणं बोटांतून निसटलं, "ही मात्र नको. हिच्याकडे बघितलं की जीव कोंडतो. बिनदाराचं घर आहे हे, बाई."

आजी आधी लाल झाली. मग ती हसायला लागली. एवढ्याशा मिठासाठी मारलेल्या थापेपायी तिनं डोळे पणाला लावले होते! हसता हसताच तिनं हाडाची आरी मागून घेतली. दिसत तर काही नव्हतं. बोटानंच चाचपत ती पट्टा जिथं मिटला होता तिथं आली, आणि स्वतःच्या हातानं, जिवावर येत होतं तरी, तो टाका उसवला.

फुर्रकन धूर निघाला आणि कोल्होबा घराच्या धुराड्यावर जाऊन बसला. "मी निघणारच होतो," म्हणाला.

आजीच्या डोळ्यांपुढचं धुकं फाटलं. तिला आधी दिसला मीठवाला, आणि मीठवाला टोपली उलटीपालटी करून म्हणत होता, "ठीक आहे, तशी काही खास नाही. निम्म्या मिठात देतेस का?"

तेव्हा ते गोल घर असं हसलं, की तळ्यापलीकडचे डोंगर दचकून आत्ता आहेत त्या जागांवर जाऊन बसले, असं म्हणतात.

अजूनही त्या वाडीत बाई विणता विणता दारापाशी पोचली की हात थांबवते. भोवती बसलेल्यांनी तिला एकेक थाप मारायची, धडधडीत, डोळ्याला डोळा भिडवून. ह्याला आजीचा वाटा म्हणतात. विणणारीला खरंखुरं हसू फुटलं तरच ती दार सोडून पुढचा टाका घालते. नाही फुटलं तर टोपली तशीच राहते, पानगळीपासून पानगळीपर्यंत. त्यामुळं त्या वाडीत टोपल्या थोड्या होतात, आणि थापाडे फार.