झिपरू मास्तराचा पंख

माणसाच्या आधी कावळ्यांनी शाळा काढल्या, तवाची ही गोष्ट. लिंबावरच्या शाळंत पाचच मास्तर, समदे म्हातारे. त्यातल्या झिपरू मास्तराचा पंख मोडला. भारद्वाज वैद्य म्हणाला, "पाच जणांच्या मूठभर शेंगदाण्यात पंख बसत न्हाई."

झिपरू लोंबता पंख घिऊन चालतच वडाखाली गेला. तिथल्या शाळंत समदी तरणी मास्तरं.

"लिंब, वड, चिंच, तिन्ही शाळांचं दाणं एका ढोलीत टाकू," झिपरू म्हणाला. "ज्याला दुखंल त्याचं औषध त्यातनं."

वडावरच्या थोरल्या चंद्रीबाई हसल्या. "मास्तर, तुमची म्हातारी हाडं आमी का पोसायची?"

"नगा पोसू." झिपरूला कळ सोसवत नव्हती, पण सवाल टाकायची मास्तरकीची खोड काय जात नव्हती. "यंदा तुमच्यात अंडी घालणाऱ्या किती जणी?"

नऊ जणी लाजल्या.

"अंडं आडलं तर वैद्य लागतोच की. आमच्या म्हाताऱ्यांत तसली एक बी न्हाई."

चंद्रीबाईंनी पहिला दाणा ढोलीत टाकला. मागनं चिंचेवरचीबी आली. भरली ढोली बघून वैद्य पंख बांधाय बसला.

"नीट बांध बाबा," झिपरू कण्हत म्हणाला. "माझ्यामागं पोटुशी बायामाणसं रांगेत उभी हायत."